सगळा तरवा एकाच कुणग्यात नको: मालवणच्या एका डायव्हरचं केशरोपण

गणपतीचं विसर्जन होऊन आठवडा झाला होता. सिंधुदुर्गातल्या माझ्या त्वचारोगाच्या दवाखान्यात 29 वर्षांचा एक तरुण आईला घेऊन आला. मालवणात तो पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला नेतो, हंगामात दिवसाला सहा-सात फेऱ्या पाण्याखाली. खुर्चीत बसल्यावरही त्याने डोक्यावरची टोपी काढली नाही. बोलली ती आईच.

"आम्ही पोरगी बघूक गेलव काय आधी ह्येची टोपी काडूक लावतत, डॉक्टरांनू. मगे कोण काय बोलणा नाय."

होडीवरचे सोबती त्याला तांडेल म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन. त्याच्या परवानगीने हे लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी स्वतः केशरोपण करत नाही. तपासतो, औषधं देतो, गरज असेल तर शल्यविशारदाकडे पाठवतो आणि परत आल्यावर वर्षभर बघतो. कुठली पद्धत घ्यावी हा प्रश्न माझ्याकडे दर महिन्याला येतो, आणि बहुतेक वेळा तो उलट्या बाजूने विचारलेला असतो. तांडेलचं प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच.

त्याच्या मोबाइलमध्ये एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकचा प्रस्ताव होता. 4,500 ग्राफ्ट, म्हणजे मागून उचलून पुढे लावायच्या केसांच्या जुड्या, एकाच दिवसात, डीएचआय (पेनासारख्या सुईने रोवायच्या) पद्धतीने, "डाग अजिबात नाही", पैसे हप्त्याने. कपाळावर पेन्सिलीने रेघ मारलेला त्याचा फोटोही होता. रेघ भुवयांच्या मधल्या बिंदूपासून जेमतेम सहा सेंटिमीटरवर, म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाला असते तशी. दहा हजार रुपये त्याने आगाऊ भरले होते. प्रत्यक्ष भेटीत त्याचं डोकं कुणा डॉक्टरने भिंगाखाली पाहिलंच नव्हतं.

डोक्यावर काय दिसलं

पुरुषी टक्कल मोजायला आम्ही जी सात पायऱ्यांची पट्टी वापरतो, ती जेम्स हॅमिल्टन यांनी 1951 मध्ये मांडली आणि ओटार नॉरवूड यांनी 1975 मध्ये सुधारली. तांडेल चौथ्या पायरीवर होता. कपाळाचे दोन्ही कोपरे आत गेलेले, भोवऱ्याशी विरळ चकती, आणि मधे केसांचा एक पूल टिकून. वडिलांचा फोटो मागवला. त्यांच्या डोक्यावर कानामागून फिरणारी नालाच्या आकाराची झालर तेवढी राहिली होती, म्हणजे सातवी पायरी. टक्कल मामाकडूनच येतं असं आपल्याकडे समजतात. आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्राचा वाटा मोठा असतो हे खरं, पण वडिलांकडचे जनुकही तितकेच बघावे लागतात. 29 व्या वर्षी चौथी पायरी आणि घरात सातवी, म्हणजे हे डोकं अजून मागे सरकणार हे धरून चालायचं.

भिंगाच्या मशीनखाली माथ्यावर जाड आणि बारीक केस शेजारी-शेजारी दिसले. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाला जी मुळं संवेदनशील असतात, ती वाढीच्या दर फेरीला बारीक केस देत जातात आणि शेवटी थांबतात. मागचे केस मात्र सगळे सारखे जाड होते, आणि मला सगळ्यात आधी हेच बघायचं होतं. काही जणांचे मागचे केसही बारीक होत असतात. अशांना कुठल्याही पद्धतीची शस्त्रक्रिया करू नये, कारण उचललेला केस नव्या जागीही गळणार. न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1950 च्या दशकात दाखवलं ते हेच: केस कुठेही लावा, तो आपल्या मूळ जागेचाच स्वभाव पाळतो. सगळं केशरोपण या एका गोष्टीवर उभं आहे.

मग मागच्या भागाची मोजणी. एका चौरस सेंटिमीटरमध्ये 72 फॉलिक्युलर युनिट. केस एकेकटे उगवत नाहीत, एका छिद्रातून एक ते चार अशा जुडीने उगवतात. या जुडीलाच युनिट म्हणतात, आणि काढून घेतली की ग्राफ्ट. आयुष्यभर टिकेल असा सुरक्षित भाग साधारण 160 चौरस सेंटिमीटर भरला. म्हणजे एकूण साडेअकरा हजार युनिट. त्यातली 35 ते 40 टक्के काढली तर मागचा भाग नजरेला भरलेला दिसतो, त्यापुढे गेलं की कसर लागलेल्या कापडासारखा. हिशेब सरळ आहे: या माणसाकडे आयुष्यभराला मिळून चार ते साडेचार हजार ग्राफ्ट होते. क्लिनिकला ते सगळेच्या सगळे एका दिवसात, एका रेघेमागे ओतायचे होते.

मी कागदावर डोक्याचं चित्र काढून हे समजावत होतो. तांडेल ऐकत होता, पण पटलेलं दिसत नव्हतं. आई वाकून चित्र बघत होती.

"म्हंजे सगळो तरवो एकाच कुणग्यात लावतले? मगे वयल्या कुणग्याक काय?"

तरवा म्हणजे भाताची रोपं, ती जिथे दाट पेरून वाढवतात ती दाढ, आणि कुणगा म्हणजे लावणीचं छोटं शेत. कोकणात ज्याने एकदा लावणी केली आहे त्याला याहून जास्त सांगायची गरज नाही. दाढीतला तरवा मोजका असतो, आणि कुठला कुणगा आधी लावायचा हे तो उपटण्याआधी ठरवतात. फरक इतकाच की भाताची दाढ पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. डोक्याच्या मागची दाढ एकदाच मिळते. तिथून काढलेलं मूळ तिथे परत उगवत नाही. त्या दिवसानंतर आम्ही तिघंही याच भाषेत बोललो.

आधी औषध

शस्त्रक्रिया लगेच नको म्हटल्यावर तांडेलचा चेहरा उतरला. पण जे केस अजून डोक्यावर आहेत ते धरून ठेवल्याशिवाय नवे लावणं म्हणजे गळकं छप्पर न शाकारता खाली सारवत बसणं. केशरोपणाने टक्कल थांबत नाही, ते थांबवायचं काम औषधाचं. फिनास्टेराइड, म्हणजे डीएचटी बनणं रोखणारी गोळी, 1 मिलिग्रॅम रोज, आणि 5 टक्के मिनॉक्सिडिल डोक्याला. यातलं मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध, अंगावर केस वाढायला लागल्यावर ते टकलाकडे वळलं. आईने घरी माका, जास्वंद आणि कढीपत्ता घालून खोबरेल उकळलं होतं. ते बंद करायला सांगितलं नाही. त्याने नुकसान नाही, फक्त डीएचटीला ते अडवत नाही.

फिनास्टेराइडबद्दल त्याला आई बाहेर गेल्यावर विचारायचं होतं. लग्न ठरायचं आहे, आणि गोळीने नपुंसकत्व येतं असं होडीवर कुणीतरी सांगितलेलं. मी त्याला चाचण्यांमधले आकडे दिले: लैंगिक तक्रारी औषध घेणाऱ्यांत 3.8 टक्के, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत 2.1 टक्के. तक्रार आली, किंवा मन उगाच खचल्यासारखं वाटलं, तर गोळी थांबवून मला सांगायचं. आणि पुढे बायको गरोदर असेल तेव्हा तिने फुटलेली गोळी हाताळायची नाही, पुरुष गर्भाला धोका असतो. ही भीती गावोगाव आहे. ती हसण्यावारी नेली की माणूस गोळी घेतो म्हणतो आणि घेत नाही.

मेच्या अखेरीस जलक्रीडा बंद होतात, त्या ऑगस्ट संपेपर्यंत. म्हणजे शस्त्रक्रिया करायची तर जूनच्या सुरुवातीला. मधले साडेआठ महिने औषधाला मिळाले. मे महिन्यात पुन्हा मोजलं तेव्हा माथ्यावरचा पूल टिकून होता आणि भोवऱ्याशी बारीक केस थोडे जाड झाले होते. हे झालं नसतं तर मी त्याला आणखी थांबवलं असतं.

पट्टी की एकेक मूळ

शहरातल्या जाहिरातींत पट्टी पद्धत, म्हणजे एफयूटी, जुनाट ठरवून टाकली आहे. मला हे मान्य नाही. डोक्याच्या मागून, दोन कानांच्या मधून, केसांसकट त्वचेची लांब अरुंद पट्टी कापतात आणि कडा जवळ ओढून टाके घालतात. पट्टी टेबलावर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एकेक युनिट सुटं करतात. अमेरिकेतले बॉबी लिमर यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शकाची ही शिस्त आणली. त्याआधी चार मिलिमीटरचे गोल तुकडे लावत, आणि डोकं बाहुलीसारखं दिसे. पट्टीत मुळं डोळ्यांनी दिसत असताना कापली जातात, म्हणून तुटतात कमी, आणि भोवतीची चरबी शाबूत राहिल्याने सुकतातही हळू. पट्टी सगळ्यात सुरक्षित जागेतून येते. मागचे केस पूर्ण भादरावे लागत नाहीत. तांडेलची 22 सेंटिमीटर लांब, 1.2 सेंटिमीटर रुंद पट्टी घेतली असती तर एकोणीसशेच्या आसपास ग्राफ्ट मिळाले असते, आणि डोक्यामागच्या बाकीच्या दाढीला हातही लागला नसता.

बदल्यात एक रेघ राहते. चांगल्या हाताने शिवली तर एक ते तीन मिलिमीटरची. जखमेची एक कड तिरकी छाटून शिवली तर तिच्यातून केसही उगवतात. पण रेघ राहतेच, आणि ताण पडला तर रुंदावते.

दुसरी पद्धत एफयूई. विल्यम रॅसमन आणि रॉबर्ट बर्नस्टाइन यांनी 2002 मध्ये तिचं रीतसर वर्णन छापलं. 0.8 ते 1 मिलिमीटरच्या पोकळ पंचाने प्रत्येक युनिटभोवती गोल काप घ्यायचा आणि चिमट्याने ते वर ओढायचं. टाके नाहीत, दुखणं कमी, चार दिवसांत माणूस हिंडता-फिरता. पण त्वचेखाली केस कुठल्या कोनात वळतो ते वरून दिसत नाही, हाताला कळावं लागतं. हात कच्चा असेल तर मूळ मधेच कापलं जातं, आणि तो ग्राफ्ट फुकट. शिवाय "डाग नाही" हे खोटं आहे. प्रत्येक पंचाचा एक पांढरा ठिपका राहतो, फक्त तो पसरलेला असल्याने डोळ्यात भरत नाही. ग्राफ्टचा आकडा फुगवायचा म्हणून सुरक्षित भागाच्या वर-खाली पंच मारत गेलं, तर उद्या तेच केस गळतात, लावलेल्या जागीसुद्धा. पट्टी घेणाऱ्याला ही लबाडी करता येत नाही, पंचवाल्याला सहज करता येते.

डीएचआयवर फार वेळ घालवत नाही. तिथेही केस काढतात एफयूईनेच. फरक फक्त लावण्यात. आधी पात्याने भेगा करून मग चिमट्याने ग्राफ्ट बसवण्याऐवजी पेनासारख्या सुईत ग्राफ्ट भरून एकदमच रोवतात. ग्राफ्टला हाताळणी कमी होते, आहेत त्या केसांमधून लावायला सोपं जातं, पण वेळ आणि माणसं जास्त लागतात. भेगा करायला नीलम रत्नाचं पातं वापरणं ही तर नुसती हत्याराची निवड. यांना वेगळी शस्त्रक्रिया म्हणून दुप्पट दराने विकणं मला चुकीचं वाटतं.

तांडेलसाठी निवड कशावरून केली? त्याच्या खांद्यावर जुन्या जखमेचा वण होता, उंच, लालसर, मूळ जखमेपेक्षा रुंद झालेला. डोक्यावर असे वण क्वचित येतात, पण ज्याची कातडी असा वण धरते त्याला 22 सेंटिमीटरचा काप सुचवताना हात थबकतो. दुसरं, त्याचं काम. हवेचं रिकामं सिलिंडरही चौदा किलोच्या आसपास, भरलेलं आणखी जड. रोज वाकून उचलायचं, मान खाली, म्हणजे शिवलेल्या जखमेवर ताण. तिसरं मला आधी सुचलंच नव्हतं. तांडेलनेच मास्क आणून दाखवला. मास्कचा पट्टा डोक्यामागे ज्या उंचवट्यावर आवळला जातो, ती पट्टी कापायचीच जागा. आणि चौथं, हंगामात तो एक नंबरच्या मशीनने केस कापतो. रेघ उघडी पडली असती. पूर्ण भादरण्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं.

म्हणून एफयूई. पण हाच निर्णय सगळ्यांना लागू करू नये. समजा पन्नाशीचा शाळामास्तर आहे, सहावी पायरी, मागची कातडी सैल, केस लांब ठेवणारा. त्याला मी आधी पट्टीच सुचवेन आणि डोक्यामागच्या राहिलेल्या दाढीतून पुढे एफयूई, कारण दोन्ही मिळून एकूण तरवा जास्त निघतो.

जून

शल्यविशारद कोल्हापूरचे. तांडेलने त्यांना एकच प्रश्न विचारावा असं मी सांगितलं होतं: पंच कोण मारणार? सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सूचना काढल्या आहेत की हे काम रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरचं, कार्यशाळा किंवा यूट्यूब बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. उत्तर मिळालं: काढणं आणि भेगा करणं मी, बसवायला माझ्यासमोर दोन सहायक.

रेघ साडेसात सेंटिमीटरवर ठरली, कोपरे थोडे आत ठेवून. पंचेचाळीस चौरस सेंटिमीटर जागा, सेंटिमीटरला 40, म्हणजे 1,800 ग्राफ्ट. सगळ्यात पुढच्या ओळींत एकेका केसाचे, मागे दोन-तीन केसांचे. भोवऱ्याला हात लावायचा नाही. ग्राफ्टला 45 रुपये, म्हणजे 81,000. केशरोपणाला आरोग्यसेवेची जीएसटी सवलत नाही, म्हणून वर 18 टक्के: 95,580 रुपये. क्लिनिकची आगाऊ रक्कम बुडाली.

भूल फक्त त्या जागेपुरती. एड्रेनलिनसह लिग्नोकेन वजनाच्या किलोमागे 7 मिलिग्रॅमच्या वर देऊ नये, 68 किलोच्या तांडेलला 476 मिलिग्रॅम ही हद्द. एका दिवसात साडेचार हजार ग्राफ्टचा सौदा मला धोक्याचा वाटतो तो यासाठीही. तास वाढतात तशी भूल वाढते, आणि बाहेर काढलेला ग्राफ्ट वाट बघत बसतो. लिमर यांच्या मोजणीत थंड सलाइनमध्ये ठेवलेले ग्राफ्ट तासाला साधारण एक टक्का दगावत. उपटलेला तरवा बांधावर उन्हात कुणी टाकत नाही, तसंच हे. तांडेलचं काम आठ तासांत आटोपलं. दोन रात्री कोल्हापुरात काढून, मान टेकू न देता, फोंडा घाटाने तो घरी आला.

पहिला आठवडा उशाला दोन उश्या, लावलेल्या जागी सलाइनचा फवारा, तिसऱ्या दिवसापासून हलक्या हाताने धुणं. नवव्या दिवशी खपल्या गेल्या. मग पावसाने जोर धरला. वीज नाही, पंखा नाही, अंगाला घामाची चिकट. अठराव्या दिवशी डोक्याच्या मागे पुवाच्या पुटकुळ्या आल्या. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने दहा दिवसांत बसल्या. जूनमध्ये किनाऱ्यावर हे होऊ शकतं हे मी आधी सांगायला हवं होतं.

त्याहून मोठी चूक चौथ्या आठवड्यात कळली. आई एकटीच दवाखान्यात आली, डोळे सुजलेले.

"तरवो लागलो नाय. सगळो गळान गेलो."

लावलेले केस दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात गळतात, मूळ आत जिवंत असतं आणि तीन-चार महिन्यांनी नवा केस देतं. हे मी तांडेलला नीट सांगितलं होतं, आईला नाही. जिने हा सगळा हिशेब सगळ्यात आधी ओळखला, तिलाच मी अंधारात ठेवलं. मी एवढंच म्हटलं, "काकी, लावल्यावर तरवा चार दिवस पिवळा पडत नाही काय?" ती गप्प राहिली, मग मान हलवली. त्या महिन्यात मात्र देवाला नारळ ठेवला गेला, हे मला नंतर कळलं.

वर्षभराने

नारळी पौर्णिमेनंतर तो पाण्यात उतरला, शस्त्रक्रियेला तेव्हा दोन महिने उलटले होते. मास्कच्या पट्ट्याला निओप्रीनचं रुंद कापड बसवायला सांगितलं होतं, म्हणजे दाब पसरतो आणि केस ओढले जात नाहीत. होडीवर असेपर्यंत डोक्यावर टोपी, आता उन्हासाठी. चौथ्या महिन्यात लव दिसली, आठव्यात विंचरता येतील इतके केस. बाराव्या महिन्यात खूण केलेल्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये लावलेल्या 40 पैकी 36 युनिट उगवलेली मोजली. मागे सरासरी 72 वरून 61-62 वर आली. उजव्या कानामागे पंच जरा दाट पडले आहेत. तीन नंबरच्या मशीनने कापलं तर दिसत नाही, एक नंबरने दिसतं. त्यामुळे तो आता तीन नंबर लावतो.

भोवरा विरळच आहे. शेवटच्या भेटीत त्याने तेच विचारलं: वयलो कुणगो कधी? मी म्हटलं, गोळी चुकवू नकोस, पस्तिशीपर्यंत बघू पुढचे केस कुठवर टिकतात ते. त्याच्या कार्डावर मी लिहिलं: शिल्लक 2,200 ते 2,700. फिनास्टेराइड, मिनॉक्सिडिल चालू. पुढची मोजणी गणपतीनंतर.